गोव्यात घर बांधताय? पंचायतीच्या बैठकीत तुमच्या अर्जाचं काय होतं

पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत एका घराच्या अर्जावर फार तर दहा मिनिटं बोलणं होतं. सचिव फाईल उघडतात, अर्जदाराचं नाव, सर्व्हे नंबर आणि वाडा वाचून दाखवतात, आणि कोणीतरी पंच विचारतो, "ही जागा नेमकी खंय?" दुसरा सांगतो, "देवळामागच्या चढणीवर, व्हाळाच्या पलीकडे." तेवढ्यात तिसऱ्याला आठवतं की तिथून शेतात जायची वाट आहे. पुढची सगळी चर्चा त्या वाटेवर होते. नकाशा टेबलावर तसाच पडून असतो.

फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी पाच वर्षं पंच होतो. पंचकी संपली तरी लोक कागद घेऊन घरी येतात. कोणी कुडाळहून नोकरीसाठी आलेलं असतं, कोणी बेळगावहून, तर कोणी याच गावचा असतो पण आयुष्यात पहिल्यांदा घर बांधत असतो. बहुतेकांची समजूत सारखीच असते: नगरनियोजन खात्याने नकाशा पास केला की पंचायतीत फक्त शिक्का मारून घ्यायचा. याच समजुतीने महिने वाया जातात. घर नकाशात बसतं का हे खातं बघतं. ते गावात बसतं का, म्हणजे पाणी कुठून वाहील, वाट कोणाची अडेल, सांडपाणी कोणाच्या विहिरीकडे जाईल, हे बघायचं काम पंचायतीचं असतं. त्याची तयारी अर्ज करण्याआधीच करायची असते.

आधी कोण काय ठरवतं ते

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. लोकसंख्येप्रमाणे प्रत्येकीत ५ ते ११ पंच असतात. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा, आणि त्यातलं कलम ६६ तुमच्या कामाचं: पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय गावात नवीन घर बांधता येत नाही, जुन्या घरात वाढ करता येत नाही की ते पाडून पुन्हा उभारता येत नाही. ही परवानगी पंचायत मंडळ ठराव करून देतं. एकट्या सरपंचाला ती देता येत नाही आणि अडवताही येत नाही. सचिवालाही नाही. "सरपंचाने हो म्हटलंय" या भरवशावर चिरे आणून टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगतो.

ग्रामसभेबद्दलही गोंधळ असतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा भरते, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला खास सभा असतात. एकेका घराचा परवाना तिथे मंजूर होत नाही. मोठ्या वसाहती, डोंगरकापणी, टँकरचं पाणी यांवर मात्र ग्रामसभेत लोक पोटतिडकीने बोलतात, आणि त्या बोलण्याचं वजन पुढच्या बैठकीत पंचांच्या मनावर असतंच. गावात नवे असाल तर एका तरी ग्रामसभेला जाऊन मागे बसा. गावाला कशाची भीती वाटते ते दोन तासांत कळेल.

पंचायतीच्या आधी तीन दारं आहेत: जमिनीचा विभाग आणि बांधकामाचा नकाशा तपासणारं नगरनियोजन खातं, बिगरशेती वापराची सनद देणारं जिल्हाधिकारी कार्यालय, आणि शौचालय-सांडपाणी बघणारं आरोग्य केंद्र. शहरात राहत असाल तर पंचायतीच्या जागी नगरपालिका येते आणि १९६८ चा पालिका कायदा लागतो. या लेखात मी गावाबद्दलच बोलतो.

एक-चौदा नीट वाचा

जमीन घेण्याआधी, निदान अर्ज करण्याआधी, फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सातबारासारखा, उतारा घ्या आणि संध्याकाळी शांतपणे वाचा. लोक फक्त आपलं नाव शोधतात. पंच मात्र पहिल्यांदा बाकीचे रकाने बघतात.

कब्जेदारांच्या रकान्यात चार नावं असतील तर चौघांची संमती लागणार. त्यातले दोघे वारले असतील तर त्यांच्या वारसांची. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणून विकणाऱ्या भावाबरोबर त्याच्या बायकोची सहीही लागते. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे ठाऊक नसतं. आमच्याकडे अर्ज अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं: मुंबईत किंवा आखातात असलेल्या एका सहहिस्सेदाराचं टपालाने आलेलं हरकतीचं पत्र. मालकीचा वाद पंचायत सोडवू शकत नाही, तो दिवाणी न्यायालयाचा विषय. पण वाद दिसत असताना परवाना द्यायला पंच कचरतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

कुळाचा रकाना याहून महत्त्वाचा. तिथे नाव असेल तर थांबा. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये यासाठी १९९१ चा वेगळा कायदा आहे, आणि २०२३ पासून भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावरही बंधन आलं आहे. स्वस्त मिळते म्हणून घेतलेली शेतजमीन घरासाठी उपयोगी पडत नाही.

शेवटचा रकाना इतर हक्कांचा. मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, दुसऱ्याच्या जाण्या-येण्याची वाट, देवस्थानाचा हक्क, असं काही तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं. भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, मुंडकाराचं घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याच्या अंगणातून तुमची भिंत जाणार नाही हे नकाशातच दाखवा.

जागेचा विभाग, सनद, नकाशा

हा भाग तुमचा इंजिनियर सांभाळेल, तरी दोन-चार गोष्टी स्वतःला ठाऊक हव्यात. जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये वसाहत विभागात आहे की नाही, हे नगरनियोजन खात्याच्या दाखल्यावरूनच ठरवा. दलालाने मोबाईलवर दाखवलेल्या रंगीत नकाशावर विसंबू नका. गोव्यात आराखडा या शब्दाभोवती मोठा इतिहास आहे. आधीचा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला होता. म्हणून विभाग बदलून घेतलेल्या जमिनीचा अर्ज आला की गावकरी डोळ्यांत तेल घालून बघतात.

किती बांधता येईल ते एफएआरवर, म्हणजे भूखंडाच्या किती टक्के बांधकाम चालतं त्यावर, ठरतं. बांधकाम नियमावली २०१० ची आहे. त्यात वसाहत विभागाचे चार प्रकार आहेत: एस-वन विभागाला १००, एस-टूला ८०, एस-थ्रीला ६० आणि एस-फोरला ५० असा एफएआर आहे. म्हणजे एस-टू मध्ये ४०० चौरस मीटरचा भूखंड असेल तर सगळे मजले मिळून ३२० चौरस मीटर. जमिनीवर पसरण्याची मर्यादा त्याहून वेगळी असते.

जमीन उताराची असेल आणि कापावी लागणार असेल, किंवा सखल असून भराव टाकावा लागणार असेल, तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली मुख्य नगरनियोजकांची वेगळी परवानगी लागते. घराच्या मंजुरीत ती आपोआप येत नाही. समुद्र किंवा भरती-ओहोटीच्या नदीजवळ असाल तर किनारी विभाग प्राधिकरणाची मंजुरीही बघावी लागते. झाडं तोडायची असतील तर वन खात्याकडे अर्ज, १९८४ च्या कायद्याखाली. माडालाही हा नियम आहे. २०१६ मध्ये माड या कायद्यातून वगळला होता, लोकांनी आवाज उठवल्यावर २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष होऊन परत आला.

सनद मिळायला वेळ लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खालचा अर्ज शक्य तितका लवकर टाका, कारण परवाना हातात आला तरी सनदेशिवाय पाया खणता येत नाही.

अर्ज देताना

नगरनियोजन खात्याचा तांत्रिक मंजुरी आदेश, त्यांच्या शिक्क्याचे नकाशे, एक-चौदा, सर्व्हे नकाशा, खरेदीखत, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, सहहिस्सेदारांची संमती आणि सनद, किंवा सनदेच्या अर्जाची पोच, हे सगळं एका फाईलमध्ये क्रमाने लावा. प्रत्येक पानावर नंबर टाका. पंच काही तज्ज्ञ नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी गाडी चालवतो, कोणाचं किराणा दुकान असतं. फाईल वाचता येईल अशी असली की ते ती वाचतात.

अर्ज दिल्यावर आवकचा शिक्का आणि नंबर असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. सगळे त्याला इनवर्ड नंबर म्हणतात. कायद्याने पंचायतीला निर्णय कळवायला ३० दिवस असतात, आणि ते दिवस या शिक्क्यापासून मोजतात. सचिव भला माणूस असेल, "ठेवून जा, मी बघतो" म्हणेल. तरी शिक्का घ्याच. त्याची बदली झाली तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

पाहणीचा दिवस

हा टप्पा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवीन माणूस नेमका याच दिवशी कामावर गेलेला असतो. रजा काढा. जागेवर स्वतः उभे राहा, बरोबर नकाशाची प्रत आणि लांब टेप ठेवा.

एक प्रसंग सांगतो. एक तरुण जोडपं, दोघंही खासगी नोकरीत, छोटंसं घर. कागद इतके स्वच्छ की बैठकीत कोणाला विचारायला काही उरलं नव्हतं. आम्ही तिघे पंच आणि सचिव जागेवर गेलो. जुलैची झिमझिम चालू होती. नकाशात सोकपीट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यात दाखवला होता. तिथे उभा राहिलो तर मेरेपलीकडे, म्हणजे हद्दीच्या बांधापलीकडे, फणसाच्या झाडाखाली, शेजारच्या मावशी विहिरीतून पाणी शेंदत होत्या. विहीर नकाशात नव्हतीच, कारण इंजिनियरने आपल्या भूखंडाच्या हद्दीपर्यंतच रेषा काढल्या होत्या. टेप लावला तर अंतर ११ मीटर भरलं. सेप्टिक टँक आणि सोकपीट कोणत्याही विहिरीपासून १५ मीटरवर हवेत, ही अट प्रत्येक परवान्यावर छापलेली असते. विहीर कोणाची हे ती अट विचारत नाही.

कोणाशी भांडण झालं नाही. सोकपीट घराच्या पुढच्या बाजूला हलवला, सुधारित नकाशा आला, महिनाभर उशीर झाला. पण मावशींनी कळशी खाली ठेवून जे विचारलं ते माझ्या लक्षात राहिलं आहे: "आम्हांला कोणी सांगणार होतं का?" इंजिनियरला भेटायच्या आधी तिच्या घरी जाऊन चहा घेतला असता तर तो महिना वाचला असता. म्हणून माझा सल्ला: मेरेपलीकडच्या २० मीटरपर्यंतच्या विहिरी, तळी, झरे नकाशात स्वतःहून दाखवा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उतारावरचं पाणी वर्षानुवर्षं एका ठरलेल्या वाटेने खाली जातं, आणि उन्हाळ्यात ती वाट दिसत नाही. मार्चमध्ये जागा पाहून कंपाउंडची भिंत आखली की जुलैमध्ये तेच पाणी खालच्या घराच्या पडवीत शिरतं. पंच विचारतील, "पाणी खंय सोडतलात?" त्याचं उत्तर नकाशावर गटाराच्या रेषेने द्या. कंपाउंडसाठी वेगळी परवानगी लागते हेही विसरू नका.

तिसरी पायवाट. देवळात, शेतात, स्मशानात जाणारी वाट कागदावर नसली तरी लोकांच्या पायांखाली असते. भूखंडातून अशी वाट जात असेल तर ती बंद करायचा विचार सोडा. कडेने पुरेशी रुंद जागा सोडून नकाशात दाखवा. मी पाहिलेल्या बऱ्याच हरकती घराला नव्हत्या, वाटेला होत्या.

बैठकीत

पाहणीचा अहवाल फाईलला लागला की अर्ज विषयपत्रिकेवर येतो. हरकतीची पत्रं असतील तर वाचली जातात. ज्या पंचाचा त्या जागेशी किंवा व्यवहाराशी आर्थिक संबंध आहे त्याने चर्चेतून बाजूला राहायचं असतं. एक पंच ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. मतभेद असतील तर बहुमत. ठरावाला नंबर पडतो आणि तोच पुढे परवान्यावर लिहिला जातो.

निर्णय तीन तऱ्हेचे होतात: मंजूर, अटींवर मंजूर, किंवा त्रुटी काढून पुढच्या बैठकीवर. सरळ नकार क्वचित येतो. त्रुटीचं पत्र आलं तर रागावू नका, पण ते लेखीच मागा आणि प्रत्येक मुद्द्याला लेखीच उत्तर द्या.

अर्जदार बाहेरगावचा आहे, भाषा वेगळी आहे, गेल्या निवडणुकीत कोणाच्या बाजूने होता, ही कारणं कायद्यात बसत नाहीत. अशी कारणं मनात धरून कोणी फाईल लांबवत असेल तर ते चूक आहे, आणि पंच राहिलेला माणूस म्हणून हे मी स्पष्ट सांगतो. तसंच कोणी टेबलाखालून काही मागितलं तर देऊ नका. फी पावतीवर भरायची असते आणि पावतीचा नंबर परवान्यावर येतो.

उत्तरच आलं नाही तर

३० दिवस उलटले, ना मंजुरी ना नकार. अशा वेळी कलम ६६ मध्येच वाट आहे. ते ३० दिवस संपल्यापासून पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करायचं. त्यांनीही ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि दिला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. मात्र अशी गृहीत धरलेली परवानगी नियम मोडायची मोकळीक देत नाही. विभाग, एफएआर, सनद, अंतरं सगळं पाळावंच लागतं. अपिलाची मुदत चुकवू नका. लोक "पुढच्या बैठकीत होईल" म्हणत वाट बघतात आणि तारीख निघून जाते.

बैठकीत नेमकं काय ठरलं ते कळत नसेल तर ठरावाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

परवाना हातात आल्यावर

पंचायतीचा उठावाचा शिक्का असलेला तो कागद फ्रेम करायचा नाही, वाचायचा. मागच्या बाजूच्या किंवा पुढच्या पानावरच्या अटी बारीक अक्षरात असतात आणि त्या खरोखर उपयोगाच्या आहेत. काम सुरू करताना परवान्याचा नंबर आणि तारीख लिहिलेला फलक दर्शनी जागी लावायचा. आखणी करताना पंचायतीला कळवायचं. वाळू, चिरे, खणलेली माती रस्त्यावर टाकायची नाही. फाटक आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे. सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीला डासांची जाळी हवी, आणि पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाही असं झाकण. विजेच्या तारांपासून ठरलेलं अंतर राखायचं. रस्तारुंदीसाठी सोडलेल्या पट्ट्यात सोकपीट येता कामा नये.

परवान्याची मुदत तीन वर्षांची. काम रेंगाळणार असेल तर मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज द्या. नवी विहीर किंवा बोअरवेल खणायची असेल तर भूजल कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी लागते, बांधकाम परवान्यात ती येत नाही.

काम चालू असताना "एक खोली वाढवूया" असा मोह प्रत्येकाला होतो. बदल करायचाच असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. कलम ६६ खाली पंचायतीला काम थांबवता येतं आणि जादा बांधकाम पाडायलाही सांगता येतं. पंचायत गप्प राहिली तर तो अधिकार उपसंचालक वापरू शकतात. अशा नोटिसा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तक्रारीवरूनच निघतात.

घर पुरं झालं की नगरनियोजन खात्याचा पूर्णत्वाचा दाखला, इंजिनियरचं मजबुतीचं प्रमाणपत्र आणि आरोग्य केंद्राचा दाखला घेऊन पुन्हा पंचायतीत यायचं. राहण्याचा दाखला, म्हणजे ऑक्युपन्सी, मिळाल्यावर घर नंबर पडतो, आणि त्यावर वीज-पाण्याची कायमची जोडणी होते. अर्ज देण्याआधी आवारातला राडारोडा उचलून टाका, तीही एक अट आहे. पंच पुन्हा एकदा बघायला येतील. त्या दिवशीही घरी राहा, आणि पहिल्या घरपट्टीची पावती परवान्याच्या फाईलमध्येच लावून ठेवा.